न संपणारा हंडा

पोरांनी दुपारी घरात धिंगाणा घालू नये, एवढ्याच साध्या हेतूने सावनीने तो खेळ बनवला. त्यात तिने कुणाचं वाईट चिंतलं होतं असं तिचा शत्रूही म्हणणार नाही. औरंगाबादेतल्या त्या उन्हाळ्यात मोठ्यांनाच धड काही सुचत नव्हतं, तिथे पोरांचं काय घेऊन बसलात! जायकवाडीने तळ दाखवला होता. नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. आणि चिकलठाण्याच्या अंगाला मात्र इमारतींमागून इमारती उठत होत्या, जसं काही त्यांत राहायला येणारी माणसं पाणी पिणारच नव्हती. पायाच्या आधी बोअर पडायचा. जमिनीच्या पोटात होतं नव्हतं ते उपसून झालं की बिल्डर पुढच्या प्लॉटवर जायचा.

सावनीच्या सोसायटीचं नाव नीरधारा. ठेवणाऱ्याला विनोद करायचा नसावा. दोन विंग, मध्ये मोकळी जागा, ए विंगच्या बाजूला फाटक. वरच्या टाकीची मोटर जळाल्यापासून टँकर फाटकाशीच उभा राहायचा आणि लोक हंडे, बादल्या, पिंपं घेऊन रांग लावायचे. ही सगळी जमीन एके काळी सावनीच्या सासऱ्यांची, व्यंकटरावांची. जमीन म्हणायला त्यांची, कसणारे दुसरेच. व्यंकटरावांच्या घराण्यात हाताला शाई लागायची, माती नाही. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती बिल्डरला दिली आणि ए विंगमध्ये तळमजल्याचा फ्लॅट घेतला. मुलगा विश्वजित शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला. सावनी ही त्याची बायको. लग्नाआधी ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होती, आता घरी बसून तेच काम करायची. त्यांची सई नुकतीच दुसरीत गेली होती, आणि सुट्टीने तिच्यासकट सोसायटीतल्या झाडून साऱ्या पोरांचं डोकं फिरवलं होतं.

खेळाचं नाव 'भर हंडा'. फोनवर सोसायटीचा नकाशा दिसायचा आणि त्यात ठिकठिकाणी पितळी हंडे. खरोखर चालत त्या जागी गेलं की हंडा उचलता यायचा. जिन्याखाली एक, पार्किंगच्या कोपऱ्यात एक, वॉचमन कडूबाच्या खोलीमागे एक. कोणी काय उचललं हे लक्षात ठेवणं म्हणजे प्रोग्रामरच्या हातचा मळ. प्रत्येक हंड्याला नंबर दिला. हंडा उचलला की त्याचा नंबर त्या पोराच्या झोळीत पडायचा, आणि झोळी म्हणजे प्रोग्राममधली एक साधी यादी. पोरगं पुन्हा तिथं गेलं की प्रोग्राम आधी झोळीत डोकावणार. नंबर सापडला तर हंडा गायब. एकदा घेतलेलं पुन्हा मिळायचं नाही. चार ओळींचा मामला, सावनीने भाजीला फोडणी देता देता लिहिलेला.

फक्त एका हंड्यापाशी तिचा हात अडला.

दोन विंगच्या मधोमध लाल पेव्हर ब्लॉकचं एक मोठं गोल होतं. व्यंकटराव रोज सकाळी आंघोळ झाली की तिथं जायचे, कडेला वाकून हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे आणि परत यायचे. "माझ्या आजोबांनी खणलेली विहीर," ते सांगायचे. "लई गोड पाणी. सगळ्या शिवारातल्या विहिरी आटल्या तरी ही नाय आटली कधी." सावनीला ते फार आवडलं. तिने विहिरीच्या जागी हंडा ठेवला आणि त्याच्यासाठी झोळीत डोकावणारी ती ओळ लिहिलीच नाही. घ्या, पुन्हा घ्या, पाहिजे तितका घ्या. विहीर आटते हे शिकायला पोरांना खेळ कशाला हवा होता? ते तर त्यांना खिडकीतून दिसत होतं. निदान फोनमध्ये तरी एक विहीर भरलेली असू दे, असं तिला मनापासून वाटलं. फोन वरखाली हलवला की दोर ओढल्यासारखा हंडा वर यायचा. जितकी जास्त पोरं एकत्र ओढतील तितका लवकर. पोरांनी पहिल्याच दिवशी शोध लावला की नुसता हात हलवण्यापेक्षा फोन घेऊन उड्या मारल्या तर काम झटपट होतं.

व्यंकटरावांना हे अजिबात रुचलं नाही. "तिथं नको ठेवूस तो हंडा," ते म्हणाले. "विहिरीवर नाचू नये गं."

"बाबा, पोरं तशीही तिथंच खेळतात."

"तेबी मला पसंत नाय."

पसंत नव्हतं हे खरंच. गोलाभोवती आधी लोखंडी कठडा होता. पोरांना खेळायला जागा नाही म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो काढायचं ठरलं, तेव्हा एकटे व्यंकटराव विरोधात उभे राहिले. विहिरीवर पाय देणं पाप आहे, एवढंच ते म्हणाले. लोकांनी आदराने ऐकून घेतलं, हात जोडले आणि कठडा काढून टाकला. म्हाताऱ्या माणसाचं असंच ऐकतात.

मग अलीकडेच एके सकाळी गोलाच्या मधले ब्लॉक थोडे बसलेले दिसले. परातीएवढा खळगा पडला होता. सावनीने तो पाहिला. सगळीकडे जमीन भेगाळलीय, इथंही खचली असेल, असं म्हणून ती पुढे गेली. व्यंकटरावांनीही पाहिला. ते खाली बसले, बराच वेळ त्यावर हात ठेवून राहिले आणि घरी येऊन देवापुढचा नारळ घेऊन गेले. "विहीर रुसलीय," म्हणाले. नारळ फोडून त्यांनी पाणी त्या खळग्यात ओतलं. ब्लॉकांच्या फटींतून ते बघता बघता आत गेलं, थेंबभरही वर राहिलं नाही, आणि ते पाहून त्यांना बरं वाटलं. विहिरीने घेतलं, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

सावनीने हे सगळं शमशादला रंगवून सांगितलं. शमशाद बी विंगमध्ये राहायची, घरी शिवणकाम करायची. तोंडाने फटकळ, पण सोसायटीतलं कोणतंही पोर आपलंच समजून त्याला रागवायची आणि आपलंच समजून जेवू घालायची. गेल्या दोन उन्हाळ्यांत सावनीचं तिच्यावाचून पान हलत नव्हतं. "तुझे सासरे जमिनीला नारळपाणी पाजायलेत," शमशाद म्हणाली, "आणि हितं आपल्याला चहाला पाणी नाय!" दोघी पोट धरधरून हसल्या. हसायला नको होतं, पण ते तेव्हा कुणाला कळणार?

बिडकीनला उमाचा साखरपुडा निघाला. उमा ही व्यंकटरावांच्या बहिणीची मुलगी, तेव्हा जाणं भागच होतं. विश्वजितला सुट्टी मिळाली नाही, आणि सई काही केल्या यायला तयार होईना. तिला खेळ सोडवत नव्हता. खरं तर तिच्याकडे फोनही नव्हता. आईचा फोन आईबरोबर जायचा. सई शमशादच्या गजालाचं शेपूट धरून फिरायची. गजाला बारा वर्षांची, खेळात सगळ्यांत पुढे. ती अम्मीचा फोन घेऊन उडी मारायची, शेजारी सई रिकाम्या हाताने उडी मारायची, आणि मिळालेल्या हंड्यांतले अर्धे तुझे असं गजाला तिला सांगायची. सईचा त्यावर गाढ विश्वास होता.

"राहू दे तिला," शमशाद म्हणाली. "तिथं मांडवात उन्हात काय करील ती? माझ्याजवळ जेवंल, खेळंल. तू जा बिनघोर."

सावनी गेली. बिडकीनच्या वाटेवर नव्या औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते पडले होते, दुतर्फा दिव्यांचे खांब लागले होते, आणि त्या खांबांपलीकडच्या शेतांत हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. निघताना घाईत आज विहिरीला फूल वाहायचं राहिलं, हे व्यंकटरावांनी वाटेत दोनदा सांगितलं.

साखरपुडा आटोपला, जेवणं झाली, उन्हं जरा कलली. उमाचा भाऊ सुयश गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. तो खुर्ची ओढून सावनीपाशी बसला. "वहिनी, तो तुमचा खेळ दाखवा ना. माझ्या पोरांना शिकवायला घेतो."

सावनीला एवढंच निमित्त हवं होतं. लॅपटॉप तिच्या खांद्याला कायमचाच लटकलेला असायचा. तिने फोनचं इंटरनेट जोडलं आणि मांडवाच्या सावलीत प्रोग्राम उघडला. शेजारच्या खुर्चीत व्यंकटराव पन्ह्याचा पेला घेऊन टेकले होते.

"ही झोळी," तिने दाखवलं. "पोरगं खेळ सुरू करतं तेव्हा रिकामी. हंडा उचलला की नंबर आत. पुन्हा तिथं गेलं की आधी झोळी बघायची. संपलं, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. लोकांना उगाच वाटतं काहीतरी अवघड असतं."

"आणि हे ठिपके?"

"पोरं. आत्ता या क्षणी कोण कुठे आहे ते दिसतं."

सुयश पुढे वाकला. जिन्याखाली कोणी नव्हतं. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. सगळे ठिपके एकावर एक चढून मधोमध जमले होते, आणि शेजारचा आकडा तिशीच्या पुढे गेला होता.

"एवढी पोरं आहेत तुमच्या सोसायटीत?"

"आजूबाजूच्या सोसायट्यांतलीही येतात आता," सावनी म्हणाली, आणि खोटं कशाला बोला, तिच्या आवाजात फुशारकी होती. "ती विहीर. तिथला हंडा संपतच नाही, म्हणून सगळे तिथं."

"आणि हे असे थरथरतायत का ठिपके?"

"उड्या मारतायत."

व्यंकटरावांनी पेला खाली ठेवला. "सगळी एकदम?"

"हो बाबा. एकदम मारल्या की हंडा लवकर भरतो."

"आणि खाली विहीर."

"खाली विहीर होती, बाबा."

"होती काय म्हणतेस? आहे." म्हाताऱ्याच्या आवाजात अजूनही अभिमानच होता. "बुजवायची नाय या अटीवर तर मी सह्या केल्या. आपल्यात विहीर बुजवत नाहीत. बिल्डर म्हणत होता, मुरमाचे ट्रक आणून ओततो, काम संपलं. मी म्हणलं, मग जमीन ऱ्हाऊ दे माझी मला. शेवटी त्यानं रेल्वेचे जुने रूळ आणून आडवे टाकले, वर शहाबादी फरशी, वर मुरूम पसरला."

"आणि त्यावर ब्लॉक," सावनी म्हणाली.

"व्हय."

"म्हणजे आत पोकळ आहे."

पोकळ हा शब्द व्यंकटरावांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. त्यांच्या लेखी विहीर झाकलेली होती, शाबूत होती, आणि घराण्यावरचं एक पाप टळलं होतं. इतकी वर्षं ते पापाला भ्यायले. कुणी पडेल याला भ्यायचं त्यांना सुचलंच नाही. आणि घरात हे सगळ्यांना ठाऊकच असणार, असं ते धरून चालले होते. विहीर बुजवणारं आपलं घर नव्हे हे काय सुनेला बसवून सांगायचं असतं? सून पुण्याहून आलेली. बिल्डर विहिरी बुजवतात एवढंच तिने आजवर पाहिलेलं.

"मामा, खोल किती आहे?" सुयशने विचारलं.

"सात परस." म्हणजे सात माणसं हात वर करून एकाच्या डोक्यावर एक उभी केली तर वरचा कुठे काठाला लागणार. "पाणी असतं तर गोष्ट वेगळी," व्यंकटराव पुटपुटले. "आता चहूकडून बोअर मारलेत. खाली नुसता खडक असंल."

बोलता बोलता त्यांना तो खळगा आठवला. सावनीला नारळाचं पाणी आठवलं. ते इतक्या झटकन कुठे गेलं हे तिला आता कळलं.

तिने शमशादला फोन लावला. वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग सेक्रेटरीच्या बायकोला, मग वरच्या मजल्यावरच्या काकूंना. वाजायचा आणि कट व्हायचा. चौथ्या फोनला तिच्या डोक्यात उजेड पडला. सोसायटीतल्या साऱ्या आयांचे फोन त्या गोलावर होते, पोरांच्या हातांत, आणि फोन आला की खेळ थांबतो म्हणून पोरं कुणाचा आहे हे न बघताच तो कापत होती. खेळ पोरांना इतका आवडावा अशी तिचीच इच्छा होती. विश्वजितचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा. राहिला कडूबा वॉचमन. त्याने उचलला.

"ताई, मी टँकरसंगट आलोय, भरायच्या जागी," तो ओरडून बोलत होता. मागे पंपाचा आवाज होता. "हितं लई रांग हाय. समद्यांना सांगा, येळ लागंल. बाया कवाच्या हंडे काढून बसल्या असतील."

"कडूबा, तिथं सोसायटीत आत्ता कोण आहे? कोणाचा तरी नंबर दे, दुसऱ्या कोणाचाही!"

"माझ्याकडं तुमच्याच समद्यांचे नंबर हायेत की ताई."

सुयश उठून उभा राहिला होता. "वहिनी, खेळ सरळ बंद करून टाका."

सावनीचा हात बंद करायला गेला आणि थबकला. पोरं तिला चांगली ठाऊक होती. खेळ बंद पडला तर ती तिथून हलणार नाहीत. तिथंच उभी राहून फोन बंद-चालू करतील आणि हंडा येत नाही म्हणून आणखी जोरात उड्या मारतील. "बंद नाही," ती म्हणाली. "हंडाच हलवते."

प्रत्येक हंड्याची जागा म्हणजे प्रोग्राममध्ये दोन आकडे. विहिरीचे दोन आकडे खोडायचे आणि तिथं फाटकाचे टाकायचे, एवढंच काम. तिची बोटं भलतीकडेच पडत होती. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. व्यंकटराव तिच्या खांद्यामागे उभं राहून रामरक्षा म्हणायला लागले, तेव्हा ती त्यांच्यावर खेकसली. आयुष्यात पहिल्यांदा. मग आकडे पडले, बदल गेला, आणि करण्यासारखं काही उरलं नाही.

आधी ठिपक्यांची थरथर थांबली. मग एक ठिपका बाजूला झाला आणि फाटकाकडे निघाला. मग दुसरा. मग साखरेवरच्या मुंग्या उधळाव्या तसा तो सगळा पुंजका फुटला. "हळू, हळू रे," सावनी पुटपुटत होती, जणू पडद्यातून पोरांना ऐकू जाणार होतं. विहिरीपाशी वीस राहिले. बारा राहिले. दोन ठिपके कितीतरी वेळ रेंगाळले, तेही निघाले. शेजारचा आकडा शून्य झाला.

सुयशने टाळी वाजवली. मांडवातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. सावनीला हसूही येत होतं आणि रडूही. आज घरी गेल्या गेल्या कठडा, उद्या इंजिनिअर, परवा मुरमाचे ट्रक, कुणाचं पाप कुणाला लागायचं ते लागो, असं ती भडाभडा बोलत सुटली.

"सई कुठं आहे यात?" व्यंकटरावांनी विचारलं.

यात सई नव्हतीच. ठिपका फोनचा होता, झोळी फोनची होती, शून्य झालेला आकडाही फोनांचाच होता. रिकाम्या हाताने उड्या मारणारी मुलगी तिच्या आईच्या प्रोग्रामला दिसत नव्हती.

सावनीने शमशादचा नंबर लावला. या वेळी गजालाने उचलला. "आंटी! हंडा गेटवर आला! मी घेतला पण!"

"सई कुठंय? सई आहे तुझ्याजवळ?"

"ती तिथंच हाय ना, गोलावर. मी म्हणलं तिला, तू जागा धर. विहिरीत हंडा परत आला तर आपला नंबर पहिला."

जागा धरणं हे त्या उन्हाळ्यात पोरांचं कामच होऊन बसलं होतं. टँकर यायच्या आधी रांगेत पोराला उभं करायचं आणि बजावायचं: कुणी ढकललं, कुणी रागावलं, कुणी कितीही गोड बोलून बोलावलं तरी जागा सोडायची नाही. सावनीने हे सईला इतक्यांदा सांगितलं होतं की ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल.

"गजाला, नीट ऐक माझं. तू तिथं जाऊ नकोस. कोणीच जाऊ नका. लांबूनच हाक मार तिला."

गजालाने हाक मारली. दुरून, बारीकसा, पण सईचाच आवाज आला. "नाही येणार! जागा जाईल!"

"आंटी, ती नाय म्हणायली. एकटीच उड्या मारायली."

धरलेल्या जागेवरून सईला हलवील असं जगात काय होतं? आई लांब होती, बाप लांब होता. एकच गोष्ट होती, आणि ती सुचल्यावर सावनीने क्षणभरही विचार केला नाही. कोणत्या आईने केला असता?

"टँकर आला म्हण! ओरड जोरात, टँकर आला म्हण!"

"सावनी, थांब, असं नको," व्यंकटरावांनी तिचं मनगट पकडलं. पण तोवर गजालाने गळा मोकळा सोडला होता. "टँकर आला! टँकर आलाऽ!" फाटकाशी जमलेल्या पोरांनीही तोच गिल्ला केला. खरं आहे का हे कोणी विचारलं नाही. ती आरोळी कानावर आली की आपणही द्यायची, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं.

फोनमध्ये नुसता गलका होता. मग जवळ येणाऱ्या पावलांचा आवाज, धाप, आणि गजालाच्या हातातून फोन ओढून घेतलेला. "आई! मी पहिली आले! सगळ्यांच्या आधी आले!"

"माझी बाई," सावनी म्हणाली. "माझी शहाणी बाई गं ती." खुर्चीत बसलेली असूनही तिला आणखी खाली बसावंसं वाटत होतं. तिची मुलगी फाटकाशी होती, पक्क्या जमिनीवर, आणि बोलत होती. एवढा आनंद तिला सई जन्मली तेव्हाही झाला नव्हता.

व्यंकटरावांनी तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. "बी विंगच्या बाया फाटकाकडं कुठून येतात?" त्यांनी विचारलं.

त्याच वेळी तिला फोनमधून तो आवाज ऐकू आला. रिकामे हंडे एकमेकांवर आपटत होते, कळश्या खणखणत होत्या, आणि तो आवाज वाढत चालला होता. बी विंगचं दार एकीकडे, फाटक दुसरीकडे, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये ते लाल गोल. टँकर आलेला असताना वळसा घालून कोण येणार?

"सई, त्यांना थांबव! गजालाला सांग, सगळ्यांनी ओरडा, गोलावरून येऊ नका म्हणावं!"

"पण आई, टँकर तर आलाच नाही," सई तक्रारीच्या सुरात म्हणाली. "गजालाताई खोटं बोलली. शमशाद मावशी बघ कशी पळत येतेय. सगळ्यांच्या पुढं आहे ती. दोन हंडे आणलेत तिनं, एक आपला आहे."

"सई, मावशीला मागे जा म्हण! मोठ्यांदा म्हण!"

"मावशीऽ," सईने हाक घातली, "आई म्हणतेय..."

आधी लोखंड वाकल्यासारखा एक लांबलचक आवाज झाला. मग मुरमाचा ट्रक रिकामा करताना होते तशी घसरण, आणि त्यात खणखणणारे हंडे खाली खाली जात राहिले. मग काहीच नाही. इकडे मांडवात कोणीतरी उमाला फोटोसाठी हसायला सांगत होतं. व्यंकटराव जमिनीवर बसले होते. लॅपटॉपवर विहिरीच्या जागी शून्य होतं.

"सई?" सावनी म्हणाली. "सई, बोल ना."

"आई," सईचा आवाज अगदी हळू आला, "मावशी दिसत नाहीये."

तिच्या मागे गजाला अम्मीला हाका मारत होती.